करार उदंड, विद्यार्थी कोठे?

सामंजस्य करारावर सह्या करण्याच्या समारंभास अलीकडे एक ठरीव रूप प्राप्त झाले आहे. समईची ज्योत, शाल, श्रीफळ, मध्यभागी मखमली पुठ्ठ्यातील दोन प्रती आणि छायाचित्रकाराच्या सोयीसाठी कागदावर क्षणभर रोखून धरलेली दोन लेखण्यांची टोके. विद्यापीठ आणि उद्योग, विद्यापीठ आणि संशोधन संस्था, महाविद्यालय आणि परदेशी महाविद्यालय अशा जोड्या या चौकटीत एकामागून एक येऊन उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पोचते. कराराची मुदत संपते तेव्हा मात्र काहीच पोचत नाही. मधल्या काळात किती विद्यार्थी त्या दाराने आत गेले आणि काय शिकून बाहेर आले, हे सांगणारे चार ओळींचे पत्रकही कोणी काढीत नाही.

अशा सहकार्याला आमचा विरोध नाही. चार भिंतींत कोंडलेले शिक्षण लवकर शिळे होते. गोव्यासारख्या लहान राज्यातील एकुलत्या एका राज्य विद्यापीठाला तर बाहेरच्या संस्थांचा हात धरल्यावाचून गत्यंतरच नाही. प्रत्येक विषयाची प्रयोगशाळा, प्रत्येक शाखेचा तज्ज्ञ आणि प्रत्येक धंद्याचा अनुभव ताळगावच्या पठारावर आणून ठेवणे कोणत्याही अंदाजपत्रकास झेपणारे नव्हे. प्रश्न आहे तो सहकार्य कोणाशी आणि किती केले हा नसून त्यातले विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले हा. दुर्दैवाने या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती आजवर कोणावर नव्हती.

सक्ती होती ती संख्येची. १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद स्थापन झाली. महाविद्यालयांना श्रेणी देताना या परिषदेच्या तक्त्यांत सहकार्याचा एक स्वतंत्र रकाना आला, आणि त्यात कार्यरत सामंजस्य करारांची संख्या विचारली जाऊ लागली. हेतू चांगला होता. ‘कार्यरत’ हे विशेषणही विचारपूर्वक घातलेले असावे. पण संख्या विचारली की संख्याच वाढते, हा कारभाराचा जुना नियम आहे. तपासणी समितीच्या आगमनापूर्वी एखादे व्याख्यान घडवून आणायचे, उपस्थितीपत्रकावर सह्या घ्यायच्या, चार छायाचित्रे जोडायची, की करार कार्यरत झाला. कागदी घोडे नाचविण्याची कला सरकारी कचेऱ्यांची मिरास आहे असे आपण समजत होतो. शिक्षणसंस्थांनी त्या कलेत फार थोड्या काळात प्रावीण्य मिळविले.

आजवर या खेळात फारसे कोणाचे नुकसान होत नव्हते. विद्यार्थी आपला वर्गात बसत होता, परीक्षा देत होता, आणि करारांची फाईल प्राचार्यांच्या कपाटात सुखाने नांदत होती. आता परिस्थिती पालटली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो नवा आराखडा जाहीर केला, त्याची अंमलबजावणी गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून आपल्या महाविद्यालयांत सुरू केली. या आराखड्यात आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकण्याला, २ ते ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास किमान ३० तास. म्हणजे चौथ्या सत्राच्या शेवटी कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने ६० ते १२० तास कोठेतरी काम करून दाखवावयाचे आहे. आयोगाने २०२४ मध्ये त्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. जी गोष्ट काल महाविद्यालयाच्या शोभेसाठी होती, ती आज विद्यार्थ्याच्या पदवीचा भाग झाली आहे. मुलांना पाठवावयाचे कोठे, हा प्रश्न पुढे येताच कपाटातील फाईल उघडावी लागते, आणि तिच्यातील किती करारांमागे खरोखरीची जागा, खरोखरीचे काम आणि खरोखरीचा माणूस आहे, ते उघडकीस येते.

वाळपईच्या एखाद्या विद्यार्थिनीचा विचार करावा. वडिलांची थोडी बागायत आहे, घरात कोणी कारखान्यात वा बँकेत नाही, आणि ती साखळीच्या सरकारी महाविद्यालयात शिकते. गोव्यातील सर्वांत मोठी औद्योगिक वसाहत वेर्ण्याला. तिकडे जावयाचे म्हणजे पहाटे निघून वाटेत बस बदलायची आणि परतताना शेवटची बस चुकली तर काय, ही चिंता दिवसभर डोक्यात घेऊन काम करायचे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येणाऱ्या उमेदवारास विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. आंतरवासितेला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तसे बंधन नाही. तेव्हा बसभाडे आणि दुपारचे जेवण घरूनच. पेडण्याच्या वा काणकोणच्या मुलाची कथा याहून वेगळी नाही. उलट पणजीत वा मडगावात राहणाऱ्या, काका सनदी लेखापाल आणि मामा औषधनिर्मिती कंपनीत असलेल्या मुलाला एका दूरध्वनीवर जागा मिळते. उरलेल्यांनी काय करावे? गावातील ओळखीच्या दुकानदाराकडून, पतसंस्थेकडून वा नातेवाइकाच्या कचेरीतून इतके तास काम केल्याचे प्रमाणपत्र आणावे. ते मिळतेही. शिक्काही असतो. श्रेयांक जमा होतात आणि विद्यार्थी जेथे होता तेथेच राहतो. धोरणाने जी दरी बुजवावयाची होती ती अशा रीतीने गुणपत्रिकेवर रीतसर नोंदली जाते.

म्हणून विद्यापीठाच्या सहकार्याची कसोटी आम्ही याच विद्यार्थिनीच्या वेळापत्रकावर लावू इच्छितो. कराराच्या कागदातून तिच्या आठवड्यात नेमका कोणता फरक पडला? तिला घेऊन जाणारे, तेथे तिच्याजवळ उभे राहणारे आणि परत आल्यावर तिच्याशी बोलणारे कोण होते?

या कसोटीस उतरणारे एक उदाहरण गोव्याच्या भूमीवर फार जुने आहे. १८४२ साली पणजीत ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकीय शाळा सुरू झाली. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले आणि मांडवीकाठच्या जुन्या वास्तूतून ते पुढे बांबोळीस गेले. वैद्यकीय शिक्षण आणि रुग्णालय यांच्यात कधी कोणी सामंजस्य करार केल्याचे ऐकिवात आहे काय? त्याची गरजच पडत नाही. सकाळी खाटेजवळ उभे राहून जो डॉक्टर रुग्णाची नाडी पाहतो, तोच दुपारी वर्गात शिकवितो. विद्यार्थी सकाळी जे पाहतो त्याचा अर्थ त्याला त्याच माणसाकडून दुपारी कळतो. चुकले तर तेथल्या तेथे कान उपटला जातो. मंडूरच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात भावी डॉक्टर जातो, तेव्हा गावातल्या घरांचा उंबरठा ओलांडणे हाही त्याच्या अभ्यासाचाच भाग असतो. त्या शिक्षणाच्या इतर उणिवा अनेक असतील, परंतु काम एकीकडे आणि शिकविणे दुसरीकडे, अशी फारकत तेथे नाही. आमच्या मते सहकार्याचे सारे मर्म येथे आहे. दोन संस्थांमध्ये पाय ठेवून उभा असलेला एक जबाबदार माणूस असला, तर कागद नसला तरी चालते. तो नसला, तर कागदांची चळत रचूनही विद्यार्थी पोरकाच राहतो.

हे केवळ वैद्यकातच शक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाचा शतकापूर्वीचा प्रयोग थोडा तपशिलाने सांगण्यासारखा आहे. हर्मन श्नायडर हे तेथे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. अभियंता केवळ वर्गात घडू शकत नाही आणि केवळ कारखान्यातही घडू शकत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. दोन्ही ठिकाणी तो आळीपाळीने राहिला पाहिजे, ही त्यांची कल्पना अनेकांनी हसण्यावारी नेली होती. सिनसिनाटी हे त्या काळी यंत्रनिर्मितीचे मोठे केंद्र होते, तरीही विद्यापीठाच्या विश्वस्तांनी परवानगी दिली ती हात राखूनच. एक वर्ष करून पाहा, फसले तर जबाबदारी आमची नव्हे, असा त्यांचा सूर होता. १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांनिशी हा उपक्रम सुरू झाला.

त्यातील खरी हुशारी व्यवस्थेत होती. श्नायडरांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एक जण एक आठवडा कारखान्यात, दुसरा तोच आठवडा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखानदाराची जागा एकही दिवस रिकामी राहत नसे आणि पोरे येतात, चार दिवस इकडेतिकडे पाहतात व निघून जातात, ही तक्रार करण्यास त्याला जागाच उरत नसे. विद्यार्थ्याला कामाचे वेतन मिळे. फीसाठी घराकडे हात पसरण्याची ज्यांची ऐपत नव्हती अशा मुलांना त्यामुळे अभियांत्रिकीचे दार उघडले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दोहोंमध्ये समन्वयक नावाचा प्राध्यापक ठेवण्यात आला. त्याने कारखान्यात जायचे, आपला विद्यार्थी कोणत्या यंत्रावर काय करतो आहे ते पाहायचे, आणि तो वर्गात परतला की त्या कामाची सांगड पदार्थविज्ञानाशी आणि गणिताशी घालून द्यायची. हे त्याचे मुख्य काम होते, फावल्या वेळातले नव्हे. पुढे ही पद्धत इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची तर १९५७ मधील सुरुवातच या पद्धतीने, विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने झाली. आज तेथे हजारो विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने वेतनी कामावर अशा क्रमाने पदवी पूर्ण करतात.

सिनसिनाटीचे कारखाने आणि आमच्या वसाहती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आम्हांस कळते. येथे घेण्यासारखा आहे तो समन्वयक. आमच्याकडे त्याच्या जागी कोण आहे? आयोगाच्या सूचनांत महाविद्यालयाचा पर्यवेक्षक आणि कामाच्या ठिकाणचा मार्गदर्शक, दोघेही अभिप्रेत आहेत. कागदावर त्यांची नावेही लिहिली जातात. पण आयोगाच्याच २०१८ च्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. त्यावर परीक्षा, प्रवेश, समित्या आणि मूल्यांकन परिषदेसाठी भरावयाचे तक्ते हे सारे आहेच. अशा माणसाने तीस विद्यार्थ्यांमागे कुंडई, पिळर्ण आणि बेतोड्यास केव्हा जावे? ज्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, त्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिलेला तास तासात धरला जात नाही. मग पर्यवेक्षण दूरध्वनीवर होते आणि शेवटी एका छापील नमुन्यावर सही होते. यात प्राध्यापकाचा आळस शोधणे अन्यायाचे ठरेल. ज्या कामाला वेळ दिला नाही, ते काम होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वास्तविक शेजाराच्या बाबतीत गोवा विद्यापीठाइतके भाग्यवान विद्यापीठ विरळा. दोनापावलास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १९६६ साली जन्मलेली ही संस्था विद्यापीठाच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. वास्कोजवळ हेडलँड सडा येथे ध्रुवीय आणि महासागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या भारतीय मोहिमांची आखणी तेथून होते. जुन्या गोव्यात किनारी शेतीचे केंद्रीय संशोधन होते. या संस्थांशी विद्यापीठाचे संबंध जुने आणि सलोख्याचे आहेत, हेही आम्ही नमूद करतो. समुद्रविज्ञान संस्थेत काम करून गोवा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे संशोधक पुष्कळ. पदव्युत्तर विद्यार्थीही प्रबंधिकेसाठी तेथे जातात. परंतु ही गंगा वरच्या वर वाहते. खांडोळ्यास वा केप्यास विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाला, आपल्या राज्यात समुद्राच्या तळाचा गाळ काढून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा माग काढणारे शास्त्रज्ञ बसले आहेत, याचा पत्ता नसतो. त्याचे वय उत्सुकतेचे असते आणि त्याच वयात त्याच्या वाट्याला फळा व टिपणे येतात. संशोधन संस्थेने पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत मुक्त संचार करू द्यावा असे कोणी म्हणणार नाही, महागडी उपकरणे असतात. पण पंधरा दिवसांचे एक काम, एक शास्त्रज्ञ आणि सहा मुले एवढे जमण्यास काय हरकत आहे? संस्थेच्या शास्त्रज्ञाने महाविद्यालयात एक सत्र शिकवावे, यासाठी आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने रीतसर वाट काढून दिली आहे. मंजूर पदांच्या एक दशांशापर्यंत अशा नेमणुका करता येतात. ती वाट चोखाळण्याचा उत्साह मात्र आम्हांस फारसा दिसत नाही.

विद्यापीठाने एक उपक्रम निश्चितच चांगला केला, त्याचे श्रेय दिले पाहिजे. राज्य सरकारच्या साहाय्याने स्थापन केलेल्या अभ्यागत अध्यासनांना दामोदर धर्मानंद कोसंबी, बा. भ. बोरकर अशा गोमंतकीयांची नावे देण्यात आली, आणि त्यांवर बाहेरचे विद्वान येऊन राहिले. कोसंबी अध्यासनावर माधव गाडगीळ यांच्यासारखा परिसरशास्त्रज्ञ येथे आला. हे वर्ग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर सामान्य नागरिकांनाही खुले ठेवले गेले. एखादा मोठा अभ्यासक मुलांच्या प्रश्नांना तोंड देत आठ-पंधरा दिवस राहतो, तेव्हा जे घडते ते दीड तासाच्या उद्घाटनपर भाषणाने घडत नाही. ताळगावपुरता मर्यादित असलेला हा लाभ तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत फिरता ठेवला, तर त्याचे मोल दुणावेल.

सहकार्य म्हटले की कारखाना आणि प्रयोगशाळा एवढेच डोळ्यांसमोर येते, हीही एक खोड आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्याने जावे कोठे? पणजीतील पुराभिलेखागाराचा उगम १५९५ मधला. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक. आशियातील जुन्या दप्तरखान्यांत त्याची गणना होते. पोर्तुगीज कागदांच्या राशीत मोडीतील मराठी कागदही तेथे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून याच दप्तरातून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली. त्यांच्या मागून मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचू शकणारी किती तरुण माणसे आम्ही घडविली? मराठी घेऊन पदवी करणाऱ्या दहा मुलांनी १२० तास त्या दप्तरखान्यात बसून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शंभर कागदांची सूची केली, तर ती आंतरवासिता कोणत्याही कचेरीत फायली उचलण्यापेक्षा शतपटींनी मोलाची होईल. दप्तरखान्याचेही काम होईल. गावोगावच्या देवस्थानांचे आणि कोमुनिदादींचे जुने कागद ओलीने आणि वाळवीने संपत चालले आहेत. त्यांच्या नोंदी करण्यास माणसे हवीतच आहेत. वाळपईच्या त्या विद्यार्थिनीला कदाचित वेर्ण्याला जाण्याची गरजच पडणार नाही.

आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाचकांना ‘कृषिकन्या’ आणि ‘कृषिदूत’ हे शब्द परिचित आहेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले गावात येऊन राहतात, शेतकऱ्याच्या बांधावर जातात, माती परीक्षणाची वा कलम बांधण्याची प्रात्यक्षिके करून दाखवितात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९७२ पासून जी पिढी घडविली तिच्यात या ग्रामीण कार्यानुभवाचा वाटा आहे. त्यातही आता छायाचित्रापुरते प्रात्यक्षिक शिरले आहे अशी कुजबुज आमच्या कानी येते. तरीही तत्त्व योग्य आहे. कालावधी ठरलेला, गाव ठरलेले, यजमान शेतकरी ठरलेला आणि फेरी मारणारा प्राध्यापक ठरलेला. कृषी विद्यापीठांस हे सुचले कारण त्यांची घडणच तशी झाली. १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने, आणि अध्यापन, संशोधन व शेतकऱ्यापर्यंत जाणे ही एकाच विद्यापीठाची तीन कामे आहेत हा तिकडचा विचार या बीजाबरोबर आला.

परदेशी सहकार्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेस १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे नऊ अमेरिकन शिक्षणसंस्थांच्या संघाचे साहाय्य लाभले. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. त्या दशकात अमेरिकन प्राध्यापक कानपूरच्या उन्हाळ्यात येऊन राहिले, त्यांनी वर्ग घेतले, अभ्यासक्रम येथल्या प्राध्यापकांबरोबर बसून आखला, आणि येथले प्राध्यापक तिकडे जाऊन आले. १९६३ मध्ये तेथे आलेल्या संगणकावर विद्यार्थ्यांनी स्वतः काम केले. त्या काळात आपल्या देशात ही अपूर्वाई होती. आज ज्या परदेशी करारांचा गाजावाजा होतो, त्यांत कोण येऊन राहतो आणि कोण जाऊन राहतो, ते वाचकांनी एकदा विचारून पाहावे. २०२२ च्या आयोगाच्या नियमांनी परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी देण्याची मुभा दिली आहे. तिचा लाभ होईल तो परदेशी वास्तव्याचा खर्च परवडणाऱ्या मूठभरांना. तो त्यांनी अवश्य घ्यावा. विद्यापीठाची शक्ती मात्र तेथे खर्ची पडू नये.

शेजारी कितीतरी जवळ आहेत. सावंतवाडी आणि दोडामार्गची महाविद्यालये पाचशे किलोमीटरांवरील मुंबई विद्यापीठास जोडलेली. कारवारला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, तो पणजीपासून सुमारे शंभर किलोमीटर. रत्नागिरीस १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. हे सारे एकाच समुद्राचा, त्याच बांगड्याचा आणि तारलीचा, त्याच खारफुटीचा अभ्यास करतात, आणि एकमेकांचे विद्यार्थी एकमेकांना ठाऊक नाहीत! गोव्याची महाविद्यालये १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, तेव्हा अभ्यासक्रम मुंबईहून येत असे आणि आपण तक्रार करीत होतो. स्वतःचे विद्यापीठ झाले, राज्याच्या सीमा मात्र अभ्यासाच्याही सीमा होऊन बसल्या. एका विद्यापीठात मिळविलेले श्रेयांक दुसऱ्यात जमा करण्याची पेढी २०२१ मध्ये अस्तित्वात आली आहे. काणकोणच्या मुलाने एक महिना कारवारास आणि कारवारच्या मुलीने एक महिना दोनापावलास काढावा, यासाठी आता कायद्याची अडचण उरलेली नाही. दोन विभागप्रमुखांनी एकमेकांना पत्र लिहिण्याची तेवढी अडचण आहे.

उद्योजकांची बाजूही ऐकली पाहिजे. मुले येतात ती मे महिन्यात, सगळी एकदम. त्यांना काय येते आणि काय येत नाही हे कोणी सांगत नाही, आणि ती कामाला सरावतात तोवर त्यांचे तास भरतात. अशा स्थितीत व्यवस्थापक त्यांना एका कोपऱ्यात बसवितो, यात नवल नाही. श्नायडरांनी जोड्या लावल्या त्या कारखानदाराची हीच नड ओळखून. १२० तास सलग उन्हाळ्यात घालविण्याऐवजी सत्रभर आठवड्यातून एक दिवस ठेवले, तर पंधरा आठवड्यांत आठ-आठ तासांनी ते बरोबर भरतात. जवळच्या कारखान्यास वा पतपेढीस वर्षभर माणूस मिळतो, विद्यार्थी हळूहळू कामाला सरावतो, आणि आठवड्याच्या इतर दिवशी वर्गात त्यावर बोलणे शक्य होते. वेळापत्रकातील एक दिवस मोकळा काढणे प्राचार्यांना जड जाईल, पण ते अशक्य कोटीतले नाही.

तेव्हा विद्यापीठाच्या विद्वत्सभेकडे आमचे मागणे मर्यादित आहे. नवा करार करताना त्याच्या मसुद्यातच दर वर्षी किती विद्यार्थी, किती तास आणि दोन्ही बाजूंचे जबाबदार कोण, हे लिहिले जावे. जुन्या करारांपैकी ज्यांत हे भरता येत नाही ते मुदत संपताच सोडून द्यावेत. पर्यवेक्षण करणाऱ्या प्राध्यापकाचे तास अध्यापनाच्या तासांत धरावेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकास त्या तासांचे पैसे मिळावेत. सरकारने दूरच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांस या काळापुरता कदंबचा मोफत पास द्यावा. त्याचा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मंडपाहून अधिक होईल असे आम्हांस वाटत नाही. उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात लागते आणि परीक्षा एप्रिलमध्ये उरकतात. त्याआधी मुलांना आपली जागा कळावयाची असेल, तर कोठे, काय काम आणि कोणाच्या हाताखाली, याची तालुकावार यादी डिसेंबर संपण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लागावयास हवी.